रोज पन्नास मेसेज, आणि नेमकं कोरिजेंडम सुटलं

पत्र :

आमचा शाळा-कॉलेजांना आणि सरकारी लॅबना काचसामान, केमिकल, छोटी उपकरणं पुरवण्याचा व्यवसाय आहे. गोदाम सांवेर रोडला, ऑफिस घरीच सुदामानगरात. टेंडर शोधायचं काम माझ्याकडे. रोज सकाळी २२ साइट उघडून बघायचे, त्यात दीड तास जायचा. भाच्याने एन-एट-एन (n8n) या ऑटोमेशनच्या साधनावर वर्कफ्लो, म्हणजे आपोआप चालणारी कामांची साखळी, बसवून दिला आणि तो नोकरीला पुण्याला गेला. आता फर्मच्या व्हॉट्सअॅपवर दिवसाला चाळीस-पन्नास मेसेज येतात. सगळ्यांत एकच ओळ, अमुक पेजवर बदल झाला. उघडून बघावं तर काही नसतं. काही साइटचे मेसेज तर जोडीने येतात, बदल झाला, मग तासाभराने परत बदल झाला. सकाळी नऊचा म्हणून लावलेला रिपोर्ट संध्याकाळी साडेसहाला येतो, मधे काही महिने साडेसातला यायचा. कंटाळून मी मेसेज बघणंच सोडलं. मागच्या महिन्यात एका कॉलेजच्या टेंडरचं कोरिजेंडम, म्हणजे दुरुस्तीची सूचना, निघालं, ते कळलं नाही. बीओक्यू, म्हणजे मालाची यादी आणि दर भरायचा तक्ता, बदलला होता, आम्ही जुन्यावरच दर भरले आणि बाद झालो. हे म्हणतात, वर्कफ्लो बंद कर, एक पोरगा ठेवू. भाचा म्हणतो, एआय एजंट लावू, तो दर तासाला गूगलवर सर्चही मारेल. काय करू?

टेंडरवाली वहिनी, इंदूर

उत्तर :

वहिनी, नमस्कार.

तुम्ही सोबत पाठवलेले पेजचे फोटो मोठे करून बघितले. दोन पेजच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात ‘आगंतुक संख्या’ लिहिलंय आणि पुढे सहा आकडी नंबर. तुमच्या चाळीस-पन्नास मेसेजचा हिशेब तिथेच लागतो. भाच्याने फेरी तासाला लावली आहे, म्हणजे दिवसाला २४ फेऱ्या. काउंटरवाल्या दोन साइट, एकूण ४८ मेसेज. गंमत अशी, की तुमच्या वर्कफ्लोने पेज उघडलं की तो स्वतःच एक आगंतुक म्हणून मोजला जातो, आकडा एकने वाढतो, आणि पुढच्या फेरीत तोच आकडा ‘बदल झाला’ म्हणून तो तुम्हाला कळवतो. स्वतःच दार वाजवून स्वतःच सांगत येतोय, कुणीतरी आलंय.

त्याने मांडणी चुकीची केली असं नाही, अर्धवट केली. सध्या वर्कफ्लो आख्खं पेज आणतो, त्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून बनणारा छोटा सांकेतिक ठसा, काढतो आणि मागच्या हॅशशी ताडून बघतो. पेजवरचा एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी हॅश पूर्ण वेगळा येतो. म्हणजे एखाद्याला राजवाड्यासमोरच्या गर्दीत उभं करून, जे जे हलेल ते सांग, असं म्हटल्यासारखं झालं. तुम्हाला काय सांगायला हवं ते आधी ठरवू या. तुमच्या पत्रावरून मला दोनच गोष्टी दिसतात: यादीत नवीन टेंडर आलं, आणि तुम्ही भरत असलेल्या टेंडरमध्ये काही बदललं. बाकी बॅनर बदलो, प्राचार्यांचा फोटो बदलो, आपल्याला घेणं नाही.

पहिल्या गोष्टीसाठी अख्ख्या पेजऐवजी फक्त टेंडरची यादी पकडायची. क्रोममध्ये यादीवर राइट क्लिक करा, ‘इन्स्पेक्ट’ दाबा. बाजूला कोडची खिडकी उघडेल आणि एक ओळ निळी दिसेल. माउस वरखाली फिरवून अशी ओळ शोधा, की जिच्यावर आलं की पेजवरची पूर्ण यादी रंगते. तिच्यावर राइट क्लिक, ‘कॉपी’, ‘कॉपी सिलेक्टर’. हा पत्ता, म्हणजेच सिलेक्टर, एन-एट-एनच्या एचटीएमएल नोडमध्ये जातो (नोड म्हणजे वर्कफ्लोतली एक पायरी). एक सावधगिरी: कॉपी केलेल्या पत्त्यात ‘एन्थ-चाइल्ड’ (nth-child) असं काही दिसलं तर तो पत्ता कच्चा समजा. त्याचा अर्थ ‘वरून तिसरा डबा’ असा असतो. उद्या कॉलेजने वर प्रवेशाची एक सूचना चिकटवली की तिसऱ्या डब्यात दुसरंच काही असेल. टेबलाला स्वतःचा आयडी किंवा क्लास असेल तर तो घ्या.

आणि यादीचाही हॅश काढू नका. प्रत्येक ओळीतलं शीर्षक आणि लिंक वेगळी काढा, ‘स्प्लिट आउट’ने सुटी करा आणि पुढे ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ नोड लावा. त्यात आधीच्या फेऱ्यांमध्ये दिसलेल्या ओळी गाळण्याची सोय आहे. म्हणजे कधीच न दिसलेली लिंक असेल तरच मेसेज. जुनं टेंडर यादीतून काढलं, क्रम बदलला, लुकलुकणारं ‘न्यू’ लावलं, तरी तो गप्प राहील. नोडांची एकूण साखळी पाच-सहाच्या वर जात नाही. भाचा फोनवरूनसुद्धा हे करून देईल.

आता कोरिजेंडम. तुमचं नुकसान इथे झालंय आणि एवढं केल्यावरही ते परत होऊ शकतं, म्हणून इथे जरा थांबते. कोरिजेंडम निघालं तरी यादीतली मूळ ओळ बहुतेक वेळा तशीच राहते. बदल आतल्या पानावर होतो, नाहीतर मूळ पीडीएफच्या जागी त्याच नावाची नवीन पीडीएफ चढवली जाते. यादीवर कितीही डोळा ठेवा, दिसणार नाही. म्हणून तुम्ही जी टेंडरं खरोखर भरताय त्यांच्यावर वेगळा पहारा हवा. एक गूगल शीट करा: टेंडर नंबर, आतल्या पानाची लिंक, पीडीएफची लिंक, शेवटची तारीख. एका वेळी तुमची चार-सहा टेंडरं चालू असतील, त्याहून जास्त ओळी होणार नाहीत. दुसरा वर्कफ्लो फक्त या शीटमधल्या लिंकवर जाईल आणि तारीख उलटली की ती ओळ सोडून देईल. आतल्या पानाचा मजकूर ताडून बघायचा, आणि पीडीएफसाठी एचटीटीपी नोडमध्ये ‘गेट’ऐवजी ‘हेड’ निवडायचं. त्याने फाइल डाउनलोड होत नाही, नुसती तिची माहिती येते: शेवटचा बदल कधी झाला आणि आकार किती बाइट. नाव तेच पण आकार वेगळा, म्हणजे आतला कागद बदलला. काही सर्व्हर बदलाची तारीख देत नाहीत, तेव्हा आकारावर भागवावं लागतं.

हे सगळं कॉलेजांच्या आपापल्या साइटसाठी. मध्य प्रदेशाच्या ई-टेंडर पोर्टलसाठी आणि केंद्राच्या ई-प्रोक्युअरसाठी यातलं काहीच करू नका. दोन्ही पोर्टलं केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक-संस्थेच्या जेपनिक (GePNIC) या ई-टेंडर प्रणालीवर चालतात आणि तिच्यात ही सोय आधीपासून आहे. लॉगिन करून टेंडर ‘माय टेंडर्स’मध्ये टाकलं की त्याचं कोरिजेंडम निघाल्यावर पोर्टलच एसएमएस आणि ईमेल पाठवतं. फुकट, आणि तुमच्या कुठल्याही वर्कफ्लोपेक्षा भरवशाचं. तुम्ही बीओक्यू म्हणताय त्या अर्थी ते हुकलेलं टेंडरही अशाच पोर्टलवरचं असणार. मला शंका आहे की सूचना निघालीही असेल, पण गेली कुठे? प्रोफाइल उघडून रजिस्टर केलेला मोबाइल आणि ईमेल बघा. ज्याने तुमचं डिजिटल सिग्नेचर काढून दिलं आणि रजिस्ट्रेशन केलं, त्याने स्वतःचाच नंबर टाकून ठेवलेला असतो, असं आपल्याकडे सर्रास होतं. आज दुपारी बाकी काही केलं नाही तरी एवढं करा. या पोर्टलांवर सर्चच्या आधी कॅप्चा येतो, तो फोडणारी साधनं यूट्यूबवर दाखवतात. त्या वाटेला जाऊ नका. जिथे सरकारी पोर्टलवर तुमचंच लॉगिन आणि तुमचीच सही लागते, तिथे खोड्या काढण्यात शहाणपण नाही.

तुम्ही लिहिलंय की काही साइटचे मेसेज जोडीने येतात, बदल झाला, मग तासाभराने परत बदल झाला. याचं कारण बहुधा भाच्याने भाड्याने घेतलेला सर्व्हर परदेशात आहे. आपल्या बऱ्याच सरकारी साइट परदेशातून आलेल्या मागणीला कधी उत्तर देतात, कधी देत नाहीत, कधी नुसतं एररचं पान धाडतात. वर्कफ्लोला ते पान नवीन मजकूर वाटतं. पुढच्या फेरीत खरं पान आलं की तोही बदल! यावर दोन उपाय. एक, आणलेल्या पानात ‘निविदा’ किंवा कॉलेजचं नाव यांसारखा कायम असणारा शब्द आहे का, हे आधी एका इफ नोडने तपासायचं, नसेल तर ती फेरी सोडून द्यायची. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: पहाराच घरच्या कॉम्प्युटरवर आणायचा. डिस्टिल नावाचं ब्राउझरचं एक्स्टेंशन आहे. पेज उघडून माउसने हवा तो भाग निवडला की तेवढ्याच भागावर ते नजर ठेवतं. तुमच्याच इंटरनेटवरून चालतं, त्यामुळे परदेशी सर्व्हरचा प्रश्न राहत नाही. ब्राउझर चालू असेपर्यंतच ते काम करतं, पण तुमचं ऑफिस दहा ते सात उघडंच असतं. एन-एट-एनशी झगडायचा कंटाळा आला असेल तर २२ साइटची यादी खुशाल डिस्टिलवर हलवा आणि वर्कफ्लो फक्त चालू टेंडरांच्या शीटपुरता ठेवा. झॅपियर किंवा मेक या वर्कफ्लोच्या ऑनलाइन सेवांकडे वळू नका. ती साधनं पायऱ्या मोजून पैसे लावतात. दिवसातून तीन फेऱ्या धरल्या तरी महिन्याला १,९८० वेळा पानं उघडायची, आणि दर वेळेला तीन-चार पायऱ्या. फुकटचा कोटा पहिल्या आठवड्यातच उडेल.

तीनच फेऱ्या का? कारण रात्री दोन वाजता कुठलंही कॉलेज टेंडर काढत नाही. अकरा, तीन आणि संध्याकाळी सात पुरे. लहान कॉलेजांच्या साइट स्वस्तातल्या होस्टिंगवर असतात, उगाच त्यांचं दार ठोठावत बसू नये.

घड्याळाचं कोडं सोपं आहे. स्वतःच्या सर्व्हरवर एन-एट-एन बसवलं की त्याचं घड्याळ मुळात न्यूयॉर्कचं असतं. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, आणि त्यांनी हिवाळ्यात घड्याळ मागे केलं की साडेसात. वर्कफ्लोच्या सेटिंगमध्ये टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ करा.

पुढची अडचण तुम्ही लिहिली नाहीत, पण भाचा कीवर्ड फिल्टर लावायला निघाला की ती येणारच. पीडीएफमध्ये ‘प्रयोगशाला’ किंवा ‘कांच सामग्री’ शब्द असेल तरच मेसेज पाठव, असं तो करेल. आपल्या प्रदेशातले कितीतरी सरकारी कागद अजूनही कृतिदेवमध्ये टाइप होतात. कृतिदेव हा युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीत न बसणारा जुना फॉन्ट. डोळ्यांना हिंदी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं असतात. ‘निविदा’ शब्दाच्या पोटात एफ, यू, एफ, ओ, एन, के अशी सहा अक्षरं निघतात. मशीनने ‘निविदा’ शोधलं तर अशा कागदात शंभर टक्के काही सापडणार नाही, आणि ती तुम्हाला शांतपणे सांगेल की आज काही नाही. बाकीचे कागद स्कॅन केलेले, त्यांत तर अक्षरंच नसतात, नुसतं चित्र. म्हणून पीडीएफच्या आत फिल्टर नको. २२ साइट मिळून खरोखरची नवीन टेंडरं दिवसाला किती येतात? फार तर पाच-सात. तेवढी शीर्षकं तुम्ही चहाचा कप संपायच्या आत वाचाल, आणि ‘फर्निचर एवं अन्य सामग्री’ या नावाखाली बीकर-फ्लास्क दडलेत का हे तुमच्या अनुभवालाच कळेल.

व्हॉट्सअॅपबद्दल मात्र जरा दटावते. क्यूआर कोड स्कॅन करून फर्मचा नंबर वर्कफ्लोला जोडलाय ना? ही अधिकृत पद्धत नाही. अधिकृत रस्त्याला बिझनेस खातं लागतं, मेसेजचे साचे मंजूर करून घ्यावे लागतात. आडवाटेने जोडलेला नंबर व्हॉट्सअॅप बंद करू शकतं, आणि त्याच नंबरवर तुमचे सगळे ग्राहक आहेत. आधी तो काढा. टेलिग्रामवर बॉटफादरकडून पाच मिनिटांत बॉट, म्हणजे आपोआप मेसेज पाठवणारं खातं, मिळतो, पैसे लागत नाहीत आणि एन-एट-एनमध्ये त्याचा तयार नोड आहे. मेसेजमध्ये ‘बदल झाला’ एवढंच नको. संस्थेचं नाव, टेंडरचं शीर्षक, शेवटची तारीख आणि थेट लिंक, एवढं आलं पाहिजे. नवीन टेंडरांचा एकच एकत्र मेसेज, संध्याकाळच्या फेरीनंतर. चालू टेंडरमध्ये काही हललं तर मात्र तत्काळ, आणि तो वेगळ्या ग्रुपवर, ज्याचा आवाज कधी बंद करायचा नाही.

आणि ज्या दिवशी काहीच नवीन नसेल त्या दिवशीही मेसेज यायला हवा. ‘२२ पैकी २१ साइट उघडल्या, एक उघडली नाही, नाव अमुक, नवीन काही नाही.’ नाहीतर शांतता दिसली की तुम्ही समजणार टेंडर नाहीत, आणि प्रत्यक्षात सर्व्हरच बंद पडलेला असणार. यातच एक बारकावा आहे. कॉलेजने साइट नव्याने केली की तुमचा सिलेक्टर रिकामा हात घेऊन परत येतो. शून्य ओळी आल्या तर ते ‘काही नवीन नाही’ मध्ये मोजायचं नाही, ‘साइट उघडली नाही’ मध्ये मोजायचं. भाच्याला हे वाक्य जसंच्या तसं पाठवा, त्याला कळेल.

गूगलवर दर तासाला सर्च मारण्याची कल्पना सोडून द्या. गूगलचं निकालांचं पान यंत्राने खरवडणं त्यांच्या अटींत बसत नाही आणि लवकरच कॅप्चा समोर येतो. रीतसर पैसे भरून सर्च देणाऱ्या सेवा आहेत, पण त्याही कायमच्या नसतात. मायक्रोसॉफ्टने बिंगची सर्च सेवा ११ ऑगस्ट २०२५ला बंद केली आणि तिच्यावर बांधलेले वर्कफ्लो त्याच दिवशी अडले. यूट्यूबवरचे कितीतरी जुने धडे अजून तीच वापरायला सांगतात, तेवढं बघून घ्या. मुळात तुम्हाला रोजच्या सर्चची गरजच दिसत नाही. देवी अहिल्या विद्यापीठ, होळकर सायन्स कॉलेज, सिमरोलचं आयआयटी, आरआरकॅट (केंद्राची संशोधन संस्था) हे तुमचे खरेदीदार तुम्हाला पाठ आहेत, त्यांच्या साइट तुमच्या २२ मध्ये असतीलच. सर्चचा उपयोग नवीन गिऱ्हाईक सापडायला: धारला नवीन लॅब निघाली, देवासला कुठलं फार्मसी कॉलेज वाढलं. त्यासाठी गूगल अलर्ट्स आहे, २००३ पासून चालू आहे, फुकट आहे. शब्द अवतरण चिन्हात घाला, नको ते शब्द वजा चिन्हाने गाळा, आणि आठवड्याला एक मेल निवडा. हिंदी आणि इंग्रजी दोन्ही अलर्ट वेगळे करा, कारण जाहिरात कुठल्या भाषेत येईल याचा नेम नाही. पण शेवटच्या तारखांसाठी अलर्ट्सवर विसंबू नका. गूगलला पान सापडेल तेव्हाच ते कळवतं, आणि छोट्या कॉलेजची पीडीएफ त्याला पंधरा दिवसांनीही सापडू शकते.

एआय एजंट आत्ता नको. प्रत्येक पान प्रत्येक फेरीत मॉडेलला वाचायला देण्याचा खर्च आहे, आणि ‘ही लिंक काल होती का’ या प्रश्नाला साधी तुलना नेमकं उत्तर देते, मॉडेल अंदाज देतं. साठ पानांची टेंडर-पीडीएफ आल्यावर पात्रतेच्या अटी काढून घ्यायला वापरा हवं तर. ईएमडीचा, म्हणजे बयाणा रकमेचा, आकडा आणि शेवटची तारीख मात्र कागदावरून स्वतः उतरवायची, सारांशातून नाही.

राहिला पोरगा. तुमच्या मिस्टरांचं अर्धं खरं आहे. साइट उघडून बसायला माणूस ठेवणं म्हणजे पगार वाया. पण टेंडर भरायला, अनुभवाची प्रमाणपत्रं आणि टर्नओव्हरचे दाखले जमवायला, बीओक्यू दोनदा तपासायला माणूस हवाच, आणि ते काम सध्या तुमच्याच अंगावर पडत असणार. सकाळचा दीड तास वाचला की आधी बघा, तो वेळ या कामाला पुरतो का. नाही पुरला तर ठेवा पोरगा.

भाच्याशी बोलाल तेव्हा आणखी तीन गोष्टी मागून घ्या. वर्कफ्लो एक्स्पोर्ट केल्यावर मिळणारी जेसन फाइल, सर्व्हरचा पासवर्ड, खातं फर्मच्या ईमेलवर करून, आणि सर्व्हरचं बिल कुणाच्या कार्डातून जातं ते. पुण्यात त्याने बँक बदलली आणि ते कार्ड बंद झालं, तर तुमचा पहारा त्या महिन्याच्या बिलाच्या तारखेला उठेल.